सेकचुंगचा ढोल मंडपासमोर का वाजत नाही

ग्वांगझौ शहराच्या पूर्वेला सेकचुंग नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं. चारही बाजूंनी तीस-तीस मजली इमारती उठल्या आहेत आणि मधल्या खळग्यात एक देऊळ, एक तळं आणि मोती नदीला मिळणारी एक खाडी तेवढी उरली आहे. दर वर्षी पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला इथं ड्रॅगन होड्यांच्या शर्यती होतात. देशोदेशीचे पाहुणे येतात, तिकीट काढून नदीकाठच्या मंडपात बसतात, बांबूच्या पानात उकडलेला चिकट भात खातात. लांबलचक होड्या ढोल बडवत समोरून जातात. कानठळ्या बसतात. सगळ्यांत शेवटी सेकचुंगची होडी येते.

मंडपाच्या पहिल्या खांबाशी ती आली की ढोल थांबतो. होडी थांबत नाही. चाळीस वल्ही एकदम पाण्यात पडतात, एकदम निघतात. कोणी मंडपाकडे बघत नाही. सतरा वेळा वल्ही पडतात, शेवटचा खांब मागे जातो आणि मग ढोल पुन्हा सुरू होतो.

पाहुण्यांच्या हाती दिलेल्या पत्रकात छापलेलं असतं : 'सेकचुंगची सुप्रसिद्ध मौन मानवंदना. कृपया टाळ्यांनी दाद द्यावी.'

हे पत्रक दिसलं की लाउ आजी ते फाडतात. वय एक्क्याऐंशी, सगळा जन्म नदीवर फेरीबोट चालवण्यात गेला, आवाज अजून या काठावरून त्या काठाला जाईल असा. पाहुण्यांपैकी ज्याच्यासोबत दुभाष्या असेल त्याला त्या स्वतःहून गाठतात. एका वर्षी इचलकरंजीहून मागाचे सुटे भाग पाहायला गेलेली पाच-सहा माणसं त्यांच्या तावडीत सापडली. बरोबर दुभाषे म्हणून होडावडेकर होते, बावीस वर्षं त्याच शहरात राहिलेले.

"ह्यांना सांग, कागद खोटा आहे," आजी म्हणाल्या.

"आजी, आयोजकांनी छापलाय."

"म्हणून तर."

मंडळींतले मगदूम नावाचे गृहस्थ पुढं झुकले. "सलामी नाही म्हणताय? मग आहे काय?"

आजींनी एकच शब्द उच्चारला. होडावडेकर घुटमळले आणि म्हणाले, "नापसंती व्यक्त करण्याची पद्धत आहे म्हणे."

आजींनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. "मी एक शब्द बोलले. तू इतके कसे बोललास?"

"शिवी," होडावडेकर मान खाली घालून म्हणाले. "आजी म्हणतात, ती शिवी आहे."

मग आजींनी जे सांगितलं, ते असं.

*

कोणत्या राजाच्या काळातली गोष्ट, हे कोणी सांगत नाही. सेकचुंगच्या खाडीत तेव्हा पाण्यावरची माणसं राहत. त्यांचा जन्म होडक्यात, लग्न होडक्यात, मरण होडक्यात. जमिनीवर घर बांधायची त्यांना बंदी होती. काठावर पाय ठेवायचा तर अनवाणी. पाण्यावरच्या माणसाच्या पायात जोडा दिसला, तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा तो हिसकून खाडीत भिरकावी आणि थोरमोठे हसत. त्यांची मासळी चाले, त्यांचं मीठ चाले, त्यांची सावली उंबऱ्यावर पडलेली चालत नसे. मेलेलं माणूस पुरायलाही त्यांना जागा नव्हती. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर ती आपली माणसं पुरत आणि पुराच्या दिवसांत नदी ती उकरून नेई.

"हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय," मगदूम म्हणाले. कोणी हसलं नाही.

या माणसांत आ-क्वाय नावाची एक बाई होती. नवऱ्याचं नाव आ-शिंग. त्यांना एक मुलगी झाली होती आणि दोन वर्षांची होऊन ती तापानं गेली. वाळूच्या बेटावर तिला पुरली. पुढच्या पुरात आ-क्वाय होडक्यात उभी राहून बघत होती. बेट आधी अरुंद झालं, मग एका रेघेएवढं उरलं, मग तिथं नुसतं पाणी होतं. त्यानंतर आ-क्वायनं देवाकडं काही मागायचं सोडलं. तिला फक्त जमीन हवी होती. कुदळ मारली तर खाली पाणी लागणार नाही, अशी वीतभर जमीन.

सेकचुंगची ड्रॅगन होडी गावाची होती, पाण्यावरच्यांची नव्हे. ती वर्षभर तळ्याच्या गाळात पुरून ठेवत. आजही तशीच ठेवतात. उघड्यावर ठेवली तर लाकूड तडकतं; गाळात त्याला वारा लागत नाही, कीड लागत नाही, शंभर वर्षं काही होत नाही. चौथ्या महिन्यात होडी उपसून काढायची आणि, गाळात भराव सुटतो म्हणून, तिच्या फळ्यांचे सगळे सांधे नव्यानं भरायचे. बांबूचा काथ्या, चुना आणि तेल एकत्र कुटून त्याचा लगदा करायचा आणि बोटानं दाबत दाबत फटीत बसवायचा. हे काम पाण्यावरच्या बायकांचं. स्वतःची घरं तरंगती ठेवता ठेवता त्यांची बोटं त्यात तयार झालेली असत. आ-क्वायचं बोट तर फटीवरून फिरलं की आतला पोकळपणा तिला कळे म्हणे. सांधे भरून झाले की लगदा वाळायला होडी पाच दिवस सावलीत ठेवायची. पाच म्हणजे पाच. मग तिला मुंडकं बसवून देवळासमोर न्यायची आणि हिंगुळाच्या लाल रंगानं ड्रॅगनचे डोळे रंगवायचे.

डोळे उघडेपर्यंत ते लाकूड. डोळे उघडले की देव. आणि देवाला बाईचा हात लागायचा नाही, तिची सावलीही पडायची नाही. म्हणजे जिनं गुडघाभर चिखलात बसून त्याची हाडं सांधली, तिनं त्या क्षणापासून दूर व्हायचं. आ-क्वायला यात वावगं वाटत नव्हतं. तिच्या आईनं हेच केलं होतं, आजीनं हेच केलं होतं. राग यायला आधी वेगळं काही दिसावं लागतं.

त्या वर्षीचा सण पार पडला. होडी पुन्हा गाळात गेली. त्यानंतर बारा दिवसांनी राजधानीहून एक बडा पाहुणा येणार असल्याची वर्दी आली. तिथल्या अंमलदारानं हुकूम काढला : पाहुण्यांसाठी शर्यत पुन्हा होईल. परवा सकाळी.

या अंमलदाराचं नाव सांगायची सेकचुंगमध्ये रीत नाही.

नदीला तेव्हा पाणी चढत होतं. दर वर्षी या सणाच्या सुमाराला तिथं धो धो पाऊस लागतो. गावातले पुरुष बांधावर माती टाकत होते. बांध फुटला असता तर शेतं गेली असती. देवळाचे पंच थोरले लेउंग अंमलदाराकडं गेले, वाकून वाकून म्हणाले की माणसं नाहीत. अंमलदार म्हणाला, "माणसं नाहीत तर पाण्यावरचे घ्या."

"साहेब, त्यांना देवाच्या होडीत बसवायचं?"

"पाहुण्यांना लांबून काय कळणार आहे? माणसासारखेच दिसतात."

अशी पाण्यावरच्यांना देवाच्या होडीत जागा मिळाली. बदल्यात अंमलदारानं वचन दिलं : शर्यत नीट पार पडली, तर मंडपाखालच्या काठाची चाळीस पावलं जमीन पाण्यावरच्यांची. तिथं त्यांनी झोपड्या बांधाव्या, आपली माणसं पुरावी. शिवाय चाळीस काळे कापडी जोडे आले. शर्यतीनंतर पाहुण्यापुढं उभं राहायचं तेव्हा अनवाणी पाय दिसायला नकोत म्हणून.

आ-शिंगला ढोल मिळाला. त्याच्याइतका ताल कोणाला नव्हता. अंमलदाराच्या कारकुनानं त्याला नियम समजावला : "ढोल वाजतोय तोवर वल्ही थांबायची नाहीत. आणि मंडपावरचं लाल निशाण खाली येत नाही तोवर ढोल थांबायचा नाही. मध्येच थांबलास, तर चाळीस पावलं विसर."

इकडं आ-क्वाय आणि आणखी चारजणी चिखलात बसून सांधे भरत होत्या. कित्येक दिवसांचं काम एका दिवसात, आणि वाळायला वेळच नाही. उजवी बाजू झाली, डावी अर्धी झाली. उन्हं कलायच्या आत हुकूम आला की डोळे आत्ताच रंगवा, अंमलदारांना होडी सजलेली बघायची आहे. बायकांना उठवलं. मुंडकं बसलं. थोरल्या लेउंगनी कुंचला उचलला.

आ-क्वाय चिखलानं माखलेली तशीच धावली. "लेउंगमामा, डावा सांधा रिकामा आहे. मला एवढी बाजू पुरी करू द्या. मग हवे तेवढे डोळे उघडा."

"दूर हो. सावली पडेल."

"पडू दे की. सावलीनं होडी बुडत नाही, फटीनं बुडते!"

लेउंगांनी डोळे रंगवले. मग त्यांनी डाव्या बाजूकडं नजर टाकली. फट दिसत होती, त्यांनाही दिसत होती. त्यांनी गावातल्या दोन माणसांना बोलावलं आणि त्या फटीवरून लाल रंगाचा हात फिरवायला सांगितला. रंग छान बसला. सोनेरी खवलेही काढले. आत काही नव्हतं. वरून ती होडी इतकी देखणी कधीच दिसली नव्हती, असं सांगतात.

आ-क्वायनं नवऱ्याला सांगितलं. आ-शिंग होडक्याच्या टोकाशी बसून नवे जोडे हातात घेऊन बघत होता.

"किती वेळ टिकेल?" त्यानं विचारलं.

"मंडपापर्यंत. कदाचित पुढंही. पाणी उसळलं नाही तर."

"म्हणजे मंडपापर्यंत टिकेल."

"मी काय म्हणतेय ते ऐकतोयस का?"

"चाळीस पावलं, क्वाय," तो म्हणाला. "आपल्या पुढच्या पोराला वाळूत नाही पुरायचं."

यावर तिनं बोलायला हवं होतं. गावभर ओरडत सुटायला हवं होतं, होडीला कुऱ्हाड लावायला हवी होती. ती गप्प राहिली. कारण तिलाही ती जमीन हवी होती, त्याच्यापेक्षा काकणभर जास्तच. पुढं जो राग तिनं नदीवर उभा केला, त्यानं पहिला घास तिचाच घेतला, असं लाउ आजी सांगतात.

*

सकाळी मंडप भरला. पाहुणा मध्यभागी बसला, शेजारी अंमलदार, मागं छत्र्या धरलेले शिपाई. चाळीस जणांनी आपले जोडे काढून बायकांच्या होडक्यांत ठेवले आणि ते अनवाणी देवाच्या होडीत चढले. आ-क्वाय इतर बायकांसोबत आपल्या होडक्यात काठाजवळ थांबली होती.

होडी सुटली. ढोल असा घुमला की मंडपातल्या पेल्यांतलं पाणी थरथरलं म्हणे. पहिल्या खांबाशी पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. मग आ-क्वायला डावी बाजू किंचित कललेली दिसली. वल्ह्यांमधलं पाणी लाल झालं. रक्त नव्हतं ते, रंग होता. फटीवरचा रंग सुटून पाण्यात उतरला होता.

आ-शिंगनं मान वर करून निशाणाकडं पाहिलं. निशाण वर होतं. त्यानं ढोल वाजवला. वल्ही पडली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. त्यानं पुन्हा वर पाहिलं. निशाण वर होतं.

अंमलदाराला दिसत होतं. त्याच्या हाताशीच निशाणाची दोरी होती. पण तेवढ्यात पाहुणा त्याच्याकडं वळून म्हणाला, "अरे वा! ही होडी पाण्याखाली चाललीय की काय?"

"जी," अंमलदार म्हणाला. "हा आमच्या इथला खास खेळ. ड्रॅगनची बुडी."

पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. पाहुण्यानं वाजवल्या म्हणून मंडपानं वाजवल्या. अंमलदाराचा हात दोरीवरून मागं आला.

मंडप टाळ्या वाजवत होता आणि समोर चाळीस माणसं छातीभर पाण्यात वल्ही मारत होती. थांबलं की जमीन गेली. आ-शिंगचा ढोल पाण्यात अर्धा बुडाला तेव्हा त्याचा आवाज बसका झाला, तरी तो वाजवत राहिला. मग एकदम काही वाजेना.

बायका होडकी घेऊन आत घुसल्या. त्यांनी तेवीसजणांना केसांना, हाताला, लंगोटीला धरून वर ओढलं. सतराजण सापडले नाहीत. बहुतेक डाव्या बाजूचे. आ-क्वायनं चार वेळा बुडी मारली. चौथ्या वेळी तिच्या हाताला ढोल लागला. ढोलाच्या दोरीत नवऱ्याचं मनगट अडकलं असेल या आशेनं तिनं तो वर आणला. दोरी मोकळी होती.

मंडपात तोवर पुढच्या गावाची होडी सोडायचा इशारा झाला होता.

दुसऱ्या दिवशी कारकून आला. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली : होडी शेवटच्या खांबापर्यंत पोचली नाही, निशाण खाली यायच्या आत ढोल थांबला, सबब जमीन मिळणार नाही. दुसरी : चाळीस जोडे परत करा.

बायकांनी तेवीस जोडे त्याच्यापुढं टाकले.

"आणि सतरा?"

"घालणारे आले की देऊ," आ-क्वाय म्हणाली. "पाठव त्यांना घेऊन."

कारकून जाता जाता आणखी एक सांगून गेला. पाहुण्यांना ड्रॅगनची बुडी फार आवडली आहे. पुढल्या वर्षी ते मुद्दाम सणाला येणार आहेत आणि तो खेळ पुन्हा बघणार आहेत.

*

असं सांगतात की त्या क्षणी आ-क्वायचं रडणं थांबलं आणि पुन्हा कधी आलं नाही.

पूर ओसरल्यावर ती बायकांना घेऊन नदीत उतरली. होडी मंडपासमोरच गाळात रुतली होती. ओहोटीला जेवढी उघडी पडे तेवढी खणायची आणि भरती आली की वर यायचं, असं एकवीस दिवस चाललं. थोरले लेउंग काठावरून ओरडत आले. "अगं, डोळे उघडे आहेत त्याचे! बाईचा हात लागला तर कोप होईल!"

आ-क्वाय कमरेभर चिखलात उभी होती. तिनं ड्रॅगनच्या मुंडक्यावरचा गाळ तळहातानं पुसला. हिंगुळाचे डोळे तसेच होते.

"लेउंगमामा, हे डोळे उघडे होते. ह्यांनी सतरा माणसं बुडताना पाहिली. तेव्हा कोप झाला नाही. आता माझा हात लागला म्हणून होणार असेल, तर होऊच दे. मलाही बघायचाय."

लेउंग तिथंच चिखलात बसले. मग उठले म्हणे, धोतरासारखा आपला लांब अंगरखा कमरेला खोचून खाली उतरले आणि फळीला हात लावला. कोणी त्यांचे आभार मानले नाहीत. त्यांनीही अपेक्षा केली नसावी.

बायकांनी होडी तळ्यात पुरली, पुढल्या चौथ्या महिन्यात काढली, सांधे भरले, पाच दिवस सावलीत ठेवली. आ-क्वायचं बोट प्रत्येक फटीवरून तीनदा फिरलं.

सणाचा दिवस आला. पाहुणा आला. अंमलदार आला. सगळ्या गावांच्या होड्या ढोल वाजवत ओळीनं उभ्या राहिल्या. सेकचुंगच्या होडीत वाचलेले तेवीसजण होते आणि रिकाम्या सतरा जागांवर सतरा बायका होत्या. पायांत नवऱ्यांचे, बापांचे, भावांचे काळे कापडी जोडे. ढोलामागं आ-क्वाय उभी होती. आ-शिंगचे जोडे तिला मोठे होत होते, म्हणून तिनं ते सुतळीनं बांधले होते.

पहिल्या खांबापर्यंत तिनं ढोल असा वाजवला की लोक म्हणाले, आ-शिंगच परत आला. मग तिनं टिपऱ्या खाली ठेवल्या आणि दोन्ही तळहात ढोलाच्या कातड्यावर दाबले.

आणि नवल झालं. मागच्या होडीचा ढोलही मुका झाला. त्याच्या मागचाही. वाजवणारे जिवाच्या आकांतानं टिपऱ्या हाणत होते, कातडी हलताना दिसत होती, पण आवाज म्हणून निघत नव्हता. मंडपातल्या झांजा एकमेकींवर आपटत होत्या, मुक्या. नदीवर एकच आवाज उरला, वल्ह्यांचा. आणि वल्हं पडलं की एक नाव. चाळीस तोंडांतून, हळू, दात न उघडता. सतरा वल्ही, सतरा नावं.

शेवटच्या नावानंतर आ-क्वाय मंडपाकडं वळली. असं सांगतात की तिचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला.

"ज्याच्या हातात निशाणाची दोरी आहे, त्यानं ही सतरा नावं तिथून, सगळ्यांपुढं घ्यावी. आणि मग निशाण खाली घ्यावं. तोवर या मंडपासमोर आमचा ढोल वाजणार नाही. आम्ही मेलो तर आमच्या मुली थांबवतील. त्या मेल्या तर त्यांच्या मुली."

पाहुण्यानं अंमलदाराला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

अंमलदाराला सतरातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. आत्ता ऐकलेली नावंही त्याच्या लक्षात राहिली नव्हती, कारण त्यानं ती ऐकलीच नव्हती. तो वाकला आणि म्हणाला, "आपल्याला मानवंदना देतायत, हुजूर. मौन मानवंदना."

पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या.

मग होडी शर्यतीच्या टोकाला गेलीच नाही. आ-क्वायनं ती वळवली आणि सरळ मंडपाखालच्या काठावर घातली. सतरा बायका जोड्यांसकट जमिनीवर उतरल्या. अंमलदारानं शिपायांच्या ढोलकऱ्याला खूण केली. शिपायांना हुकूम ढोलावर मिळत असे. एक थाप म्हणजे पुढं व्हा, दोन थापा म्हणजे काठ्या उगारा. ढोलकऱ्यानं थाप मारली, दोन मारल्या, दहा मारल्या. आवाज नाही. हुकूम ऐकू न आलेले शिपाई जागच्या जागी उभे राहिले. तोवर बायकांनी चाळीस पावलं मोजली, मध्यभागी खणायला घेतलं, आ-शिंगचा ढोल आणि सतरा जोडे त्या खड्ड्यात ठेवले आणि वर माती ओढली. कुदळीला पाणी लागलं नाही.

आता त्या चाळीस पावलांवर थडगं होतं. थडगं उकरण्याचं पाप कोणत्याही अंमलदाराला परवडणारं नव्हतं. पाण्यावरची माणसं त्या काठावर चढली ती अशी. कोणी दिलं म्हणून नव्हे.

आ-क्वायचं पुढं काय झालं, यावर एकमत नाही. कोणी म्हणतात, तिला त्याच हिवाळ्यात पकडून नेली. कोणी म्हणतात, म्हातारी होऊन ती त्या काठावर, स्वतःच्या उंबऱ्यात बसून मेली. लाउ आजींना विचारलं तर त्या म्हणतात, "उंबऱ्यात. आणि पायात जोडे होते. माझ्या आजीनं तसं सांगितलंय, आणि माझी आजी खोटं बोलणारी नव्हती."

*

आजींचं सांगून होईपर्यंत शर्यती संपत आल्या होत्या. मगदूमांनी हळूच विचारलं, "ती चाळीस पावलं आता कुठं आहेत?"

होडावडेकरांनी विचारलं. आजींनी छत्रीच्या टोकानं खाली, मगदूमांच्या खुर्चीच्या पायांजवळ ठोकलं. सिमेंटचा पोकळ आवाज आला.

"शहर वाढलं तेव्हा मंडप वाढवला. नऊशे खुर्च्या. मधल्या रांगांचं तिकीट सगळ्यांत महाग."

मगदूम ताडकन उठून उभे राहिले. कुठं उभं राहावं ते त्यांना कळेना.

"बस, बाबा," आजी म्हणाल्या. "तुझ्या वजनानं त्यांना काही होत नाही. त्या टाळ्यांनी होतं." मग त्या दात ओठ खाऊन पुढं बोलू लागल्या. "तीस वर्षं मी त्या आयोजकांच्या दारात जातेय. नुसती नावं वाचा म्हणते. ध्वनिक्षेपक तुमचा, निशाण तुमचं, माणूस तुमचा. वाचा. तर म्हणतात, आजी, कार्यक्रमात वेळ नाही. आणि बक्षिसांच्या भाषणाला पाऊण तास! सतरा नावं घ्यायला अर्धं मिनिट लागतं. अर्धं मिनिट!"

तेवढ्यात सेकचुंगची होडी आली. आता तिच्यात बायका आणि पुरुष मिसळून बसतात. पहिल्या खांबाशी ढोलामागच्या मुलीनं टिपऱ्या ठेवल्या आणि दोन्ही तळहात कातड्यावर दाबले. ध्वनिक्षेपकातून गोड आवाज आला : "पाहुणेहो, आता सादर आहे मौन मानवंदना..." तो आवाज चार भाषांत बोलत राहिला. त्याच्याखाली, वल्ह्यागणिक, लाउ आजी ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या आणि होडावडेकर त्यांच्यामागोमाग. मराठीत करण्यासारखं त्यात काही नव्हतं, नावंच ती. आ-शिंग. आ-फुक. थोरला हो. धाकटा हो. लाम-साम. आ-यौ. केउंग. चान-सेइ. बुटका वोंग. आ-ताक. सुइ-शेंग. आ-मान. फोंग बाप. फोंग लेक. डावखुरा लौ. आ-की. गाणारा हुंग.

मंडप टाळ्यांनी दणाणला. इचलकरंजीच्या रांगेत कोणी हात उचलला नाही.

आजही पाचव्या महिन्याच्या पंचमीला सेकचुंगची होडी त्या मंडपासमोर येते आणि आजही ढोलावर कोणीतरी तळहात दाबून धरतं. पत्रक दर वर्षी नवं छापतात, कागद आणखी गुळगुळीत असतो, मजकूर तोच. मंडपावर लाल निशाण असतं, दोरी कोणाच्या तरी हाताशी असते. निशाण अजून कोणी खाली घेतलेलं नाही.